चित्र विकले, हक्क कोणाकडे?

बिस्किटांचा एखादा रिकामा पुडा समोर घ्या. त्यावरचे नाव एका खास वळणाच्या अक्षरांत काढलेले आहे. कोपऱ्यात गव्हाच्या लोंबीचे चित्र आहे. आत जी बिस्किटे होती त्यांच्यावर नक्षी उठवलेली होती. हे सारे कोणीतरी बसून कल्पिले, कागदावर काढले, खोडले, पुन्हा काढले आणि कारखानदाराला दिले. बिस्किटे आपण खाल्ली आणि पुडा टाकून दिला. पण त्या लोंबीच्या चित्राचा मालक कोण? ज्याने काढले तो, ज्याने पैसे देऊन काढवून घेतले तो, की ज्याने छापले तो?

तुमच्यापैकी कित्येकांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षा दिल्या असतील. काही जण पुढे उपयोजित कलेकडे वळतील. त्यांतले सगळेच काही नोकरी करणार नाहीत. घरी किंवा एखाद्या खोलीत टेबल मांडून, आज या दुकानाचे बोधचिन्ह, उद्या त्या पुस्तकाचे मुखपृष्ठ अशी कामे घेणारे डिझायनर आज गावोगावी आहेत. त्यांना पगार नसतो, रजा नसते, निवृत्तिवेतन नसते. त्यांची इस्टेट म्हणजे त्यांनी काढलेली चित्रे. म्हणून वरचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने पोटापाण्याचा आहे.

उत्तराकडे जाण्यापूर्वी एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. चित्राचा कागद ही एक वस्तू आणि त्या चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क ही दुसरी वस्तू. कागद हातात धरता येतो, भिंतीवर टांगता येतो, उधई खाऊ शकते. हक्क दिसत नाही, पण तो विकता येतो, भाड्याने देता येतो, वारसांना मिळतो. तुम्ही दुकानातून कादंबरी विकत घेतली म्हणजे ती छापून विकण्याचा हक्क काही तुम्हाला मिळत नाही. पुस्तकाच्या आरंभी ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले असते ते याचसाठी. चित्राचेही तसेच आहे. हा जो दुसरा, न दिसणारा हक्क, त्याला इंग्रजीत कॉपीराइट आणि मराठीत स्वामित्वहक्क किंवा प्रताधिकार म्हणतात.

तांब्याचा पत्रा आणि चोरटे छापखाने

लेखकांना हा हक्क इंग्लंडमध्ये 1710 साली मिळाला. चित्रकारांना मात्र त्यासाठी आणखी पंचवीस वर्षे थांबावे लागले, आणि तो मिळवून देण्यात एका स्वतंत्र धंदा करणाऱ्या चित्रकाराचाच मोठा वाटा होता. त्याचे नाव विल्यम होगार्थ. त्याचा जन्म लंडनमध्ये 1697 साली झाला. चांदीच्या भांड्यांवर नक्षी कोरणाऱ्या एका कारागिराकडे त्याने उमेदवारी केली आणि पुढे तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून छापू लागला.

ही छपाई कशी होत असे ते पाहण्यासारखे आहे. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर टोकदार पोलादी हत्याराने रेषा कोरायच्या, किंवा मेणाचा थर देऊन त्यावर रेषा ओढायच्या आणि उघडे पडलेले तांबे आम्लाकडून खाववायचे. मग साऱ्या पत्र्याला शाई फासून वरची शाई पुसून काढायची. खाचांतली तेवढी राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढला, की खाचांतली शाई कागदावर येते. पत्रा कोरायला कित्येक आठवडे लागत, पण एकदा तो तयार झाला की त्यावरून शेकडो प्रती निघत. म्हणजे सारी मेहनत पहिल्या प्रतीत आणि सारे उत्पन्न पुढच्या प्रतींत. संगणकावर काम करणाऱ्या आजच्या डिझायनरचे गणितही नेमके हेच आहे.

1732 साली होगार्थने खेड्यातून लंडनला आलेल्या एका मुलीची दुर्दशा सांगणारी सहा चित्रांची मालिका काढली. सहा चित्रांचा संच एका गिनीला, आणि तोही ग्राहकांची नावे आधी नोंदवून. हजाराहून अधिक संच खपले. पण लवकरच लंडनच्या इतर छापखान्यांनी त्या चित्रांवरून आपापले पत्रे कोरले आणि स्वस्त नकला बाजारात आणल्या. गंमत अशी, की अशा नकलांत पुष्कळदा डावे-उजवे उलटलेले असे. छापील चित्र जसेच्या तसे पत्र्यावर कोरले, तर छापताना ते आरशातल्यासारखे उलटते. सरळ यावे यासाठी कोरतानाच उलटे काढावे लागते. चोरट्याला एवढी सवड कुठली! उजव्या हाताचा माणूस डावखुरा झाला तरी त्याचा माल खपतच असे.

होगार्थ आणि त्याचे सोबती यांनी पार्लमेंटकडे अर्ज केला. त्यांची तक्रार सरळ होती: कल्पना आमची, मेहनत आमची आणि पैसा दुकानदारांचा. 1735 साली कायदा झाला. स्वतः कल्पून चित्र कोरणाऱ्याला चौदा वर्षे त्याच्या प्रतींचा एकाधिकार मिळाला. नकला करणाऱ्याचे पत्रे जप्त होणार आणि सापडलेल्या दर प्रतीमागे पाच शिलिंग दंड बसणार असे ठरले. मात्र पत्र्यावर मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरलेली असली पाहिजे, अशी अट होती.

होगार्थची पुढची मालिका तोवर तयार झाली होती. पण कायदा 25 जून 1735 रोजी अमलात येणार होता. त्या दिवसापर्यंत त्याने ती बाजारात आणलीच नाही. चोरट्यांनी त्यावरही तोड काढली. चित्रे पाहण्याच्या मिषाने त्यांची माणसे त्याच्या घरी गेली आणि जे पाहिले ते आठवून नकला काढल्या. कायद्याचा दिवस उजाडण्यापूर्वीच त्या विकल्या जात होत्या. तेव्हा होगार्थने एका दुसऱ्या प्रकाशकाला रीतसर परवानगी देऊन लहान आकाराच्या स्वस्त प्रती काढवल्या. हक्क आपल्याकडे ठेवून दुसऱ्याला ठरावीक वापराची परवानगी देणे, यालाच आज लायसन्स देणे म्हणतात. मला वाटते, होगार्थच्या चित्रांइतकीच त्याची ही व्यवहारबुद्धी दाद देण्याजोगी आहे.

तो 1764 साली वारला. मागे राहिली पत्नी जेन आणि तांब्याचे पत्रे. 1767 साली पार्लमेंटने कायदा सुधारून मुदत अठ्ठावीस वर्षांची केली आणि जेनला तिच्या पतीच्या चित्रांवर आणखी वीस वर्षांचा खास हक्क दिला. त्या पत्र्यांच्या प्रती विकून ती विधवा आपला चरितार्थ चालवीत असे. न दिसणाऱ्या हक्काला इस्टेट का म्हणायचे, ते यावरून ध्यानात येईल.

आपला कायदा

भारतात आज लागू असलेला कायदा 1957 सालचा. तो 1958 च्या जानेवारीत अमलात आला आणि पुढे अनेकदा सुधारला गेला. होगार्थच्या कायद्याहून तो एका बाबतीत फार उदार आहे. हक्क मिळण्यासाठी नाव कोरावे लागत नाही, नोंदणी करावी लागत नाही, वर्तुळात ‘सी’ काढावा लागत नाही. मूळ चित्र कागदावर उतरले की हक्क जन्मला. कायद्याने कलाकृतीच्या व्याख्येत रंगचित्र, रेखाटन, नकाशा, आराखडा, छायाचित्र, शिल्प हे सारे घेतले आहे. आणि वर असेही म्हटले आहे, की त्यात कलागुण असो वा नसो. चित्रकलेच्या तासाला तुम्हाला दहापैकी तीन गुण मिळाले असले, तरी कायद्याची काही हरकत नाही!

मुदत चित्रकाराचे आयुष्य आणि त्यानंतर साठ वर्षे. 1970 साली वारलेल्या चित्रकाराचा हक्क 2030 च्या डिसेंबरअखेर संपेल. पंधराव्या वर्षी काढलेले चित्र आणि ऐंशी वर्षांचे आयुष्य धरले, तर बेरीज सव्वाशे वर्षे येते. पूर्वी साठऐवजी पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर 1941 साली वारले. त्यांच्या साहित्यावरील हक्क 1991 च्या अखेरीस संपत होता, तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली.

पण एक गोष्ट कायदा कधीच कोणाच्या मालकीची होऊ देत नाही: नुसती कल्पना. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने यावर एक महत्त्वाचा निकाल दिला. आर. जी. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक होते. 1956 साली आलेला ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट त्यावरून उचलला, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्हींचा विषय प्रांतीयता. न्यायालयाने सांगितले, की विषय एक असला म्हणून चोरी होत नाही. मांडणी उचलली असेल तरच होते. आनंद दावा हरले. म्हणून बिस्किटाच्या पुड्यावर गव्हाची लोंबी काढावी ही कल्पना सर्वांची. तिचे दाणे कसे वळवले, पाते कुठे मोडले, सावली कशी टाकली, हे मात्र चित्रकाराचे.

पैसे दिले म्हणून काय झाले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की ज्याने काढले तो पहिला मालक. चित्रकार पगारी नोकर असेल आणि नोकरीचा भाग म्हणून त्याने चित्र काढले असेल, तर मालक ठरतो नोकरी देणारा. आपले स्वतंत्र डिझायनर नोकर नव्हेत. पण त्यांच्यासाठीही एक खाच आहे. पैसे देऊन कोणी छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा कोरीव ठसा करवून घेतला, तर उलट करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. बोधचिन्ह म्हणजे यातले नेमके काय, यावर दोन वकील दुपारभर भांडू शकतील. असल्या भांडणात ज्याच्याकडे कागद असेल त्याची बाजू बळकट.

आणि कागदाविषयी कायदा फार स्पष्ट आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी दिला पाहिजे आणि त्यावर देणाऱ्याची सही पाहिजे. तोंडी ‘घ्या, तुमचेच आहे’ म्हटल्याने हक्क हलत नाही. लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे समजायची. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेणाऱ्याने एक वर्षाच्या आत हक्क वापरला नाही, तर तसे वेगळे ठरले नसल्यास तो परत येतो. हे नियम फार थोड्या डिझायनरांना ठाऊक असतात. गिऱ्हाइकांना तर त्याहून नाही.

समजा, एका मुलीने मिठाईच्या दुकानासाठी बोधचिन्हाचे पाच नमुने काढले. मालकाने एक निवडला, पैसे चुकते केले. वर्षभराने त्याच्या दुसऱ्या दुकानाच्या पाटीवर न निवडलेल्यांपैकी एक नमुना झळकला. मालकाला वाटते, पाचही मीच काढवून घेतले. मुलीला वाटते, मी एकच विकला. खरे कोण? बिलावर फक्त ‘बोधचिन्हाबद्दल’ एवढेच लिहिले असेल, तर वाद अटळ. त्याच बिलावर तीन गोष्टी असत्या तर तो झालाच नसता: निवडलेल्या एकाच नमुन्याचा वापर कशावर, कुठे आणि किती काळ करायचा, बाकीच्या नमुन्यांचे हक्क चित्रकाराकडे, आणि हक्क पूर्ण मोबदला मिळाल्यावरच दिला जाईल. ही तिसरी गोष्ट अर्धे पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फार चांगली लागू पडते. या बिलावर मुलीची सही तर हवीच, शिवाय अटी मान्य असल्याची दुकानदाराचीही असावी.

चित्र आपणच आधी काढले हे सिद्ध करायची वेळ आली तर? कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करता येते. 2013 च्या नियमांप्रमाणे कलाकृतीला पाचशे रुपये, ती मालावर वापरायची असल्यास दोन हजार. नोंदणी सक्तीची नाही, पण न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ती चालते. याखेरीज कच्ची रेखाटने जपून ठेवावीत. चोरट्याकडे पक्के चित्र असते. खोडाखोडीचे कागद नसतात.

संगणकातल्या फाइलची तारीख सहज बदलता येते, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. त्याऐवजी गणिताचा एक सुंदर उपयोग करता येतो. एसएचए-256 या नावाची एक रीत आहे. कोणतीही फाइल तिच्यातून घातली, की चौसष्ट अक्षर-अंकांचा एक ठसा बाहेर पडतो. चित्रातला एक ठिपका किंचित फिकट केला तरी सारा ठसा बदलतो; आणि ठशावरून चित्र परत काढता येत नाही. चित्र कोणालाही न दाखवता नुसता ठसा विश्वासू माणसाला किंवा वकिलाला ईमेलने पाठवून ठेवला, तर त्या दिवशी ती फाइल अस्तित्वात होती हे पुढे दाखवता येते. ती तुम्हीच काढली, हे मात्र ठसा सांगत नाही. त्यासाठी खोडाखोडीचे कागदच लागतात.

एकावन्नावी चादर

आता कायद्यातला एक खड्डा दाखवतो. समजा, सोलापूरच्या एखाद्या कारखान्यासाठी तुम्ही यंत्रमागावर विणायच्या चादरीची नक्षी केली. चादर ही वापराची वस्तू. अशा वस्तूचा आकार, नक्षी, रंगसंगती यांसाठी डिझाइन्स अ‍ॅक्ट, 2000 हा वेगळा कायदा आहे. त्याखाली नोंदणी केली तर दहा वर्षे आणि नूतनीकरण करून आणखी पाच, अशी पंधरा वर्षे संरक्षण मिळते. नोंदणी बाजारात माल येण्यापूर्वी, नक्षी लोकांपुढे जाण्यापूर्वी करावी लागते; नाहीतर ती नवी राहत नाही.

आणि नोंदणी केलीच नाही तर? कॉपीराइट कायदा सांगतो, की नोंदवता येण्याजोगे डिझाइन न नोंदवता मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्राने पन्नासहून अधिक वेळा वस्तूंवर उतरवले, की त्यातला कॉपीराइट संपतो. पन्नास चादरींपर्यंत सव्वाशे वर्षांची गोष्ट. एकावन्नावी मागावरून उतरली की काही नाही. यंत्रमागाला पन्नास चादरी म्हणजे कितीसे काम! कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होते, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे खल झाला; 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने वायुवाहक टँकरांच्या आराखड्यांवरील एका दाव्यात त्यासाठी कसोटी घालून दिली. तरीही वस्त्रांवर काम करणाऱ्याने पहिला नमुना कारखान्यात देण्यापूर्वीच नोंदणीची चौकशी करावी, हे बरे.

विकूनही उरते ते

सारे हक्क लिहून दिले, पैसे घेतले, म्हणजे चित्रकाराचा संबंध संपला का? नाही. 1957 च्या कायद्याचे सत्तावन्नावे कलम (आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे) सांगते, की हे काम माझे आहे असे म्हणण्याचा, आणि कोणी ते विद्रूप करून माझ्या लौकिकाला बाध आणल्यास दाद मागण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो.

या कलमाची मोठी परीक्षा दिल्लीत झाली. शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्याकडे सरकारने विज्ञान भवनासाठी काम सोपवले. त्यांनी ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प केले: लांबी सुमारे 140 फूट, उंची 40 फूट. 1962 साली ते पूर्ण झाले. 1979 साली इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकण्यात आले. त्याचे तुकडे झाले, काही हरवले. सहगलांनी पत्रे पाठवली, अखेर 1992 साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. शिल्प सरकारचे, जागा सरकारची. मग शिल्पकाराने बोलायचे कारण काय, असा प्रश्न होता. 2005 साली निकाल लागला. उरलेले अवशेष सहगलांना परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असे न्यायालयाने सरकारला फर्मावले. दावा लावल्यापासून तेरा वर्षे आणि शिल्प उतरवल्यापासून सव्वीस वर्षे गेली होती. 2007 साली सहगल वारले.

शिक्षकांसाठी आणि तुमच्यासाठी

शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने दुसऱ्याचे चित्र उतरवून घेतले, तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. फळ्यावर होगार्थ काढा, वहीत आजच्या एखाद्या चित्रकाराची नक्कल करून हात बसवा, खुशाल करा. पण इंटरनेटवर सापडलेले चित्र शाळेच्या वार्षिकांकाच्या मुखपृष्ठावर छापणे हे शिकवणे नव्हे. सापडले म्हणजे बेवारशी नसते.

बोधचिन्हांच्या स्पर्धा हल्ली पुष्कळ होतात. 2010 साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्हही उघड स्पर्धेतून निवडलेले आहे. भाग घेण्यापूर्वी नियमपत्रिकेचा शेवटचा परिच्छेद वाचा. निवडलेल्या एका चित्राचे हक्क आयोजकांकडे जाणार असतील तर ते समजण्यासारखे आहे. आलेल्या सर्वच चित्रांचे हक्क त्यांचे, असे लिहिले असेल, तर शेकडो मुलांची कामे फुकटात गोळा करण्याचा तो प्रकार आहे. माझ्या मते अशा स्पर्धेपासून दूर राहावे.

आणि एक खास तुमच्या वयाची बाब. चित्राचा मालक होण्यासाठी वयाची अट नाही. दहा वर्षांची मुलगीही स्वतःच्या चित्राची मालकीण असते. करार करण्यासाठी मात्र आपल्या 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी केलेला करार मुळातच रद्द, असे प्रिव्ही कौन्सिलने 1903 सालीच ठरवून टाकले आहे. तेव्हा शेजारच्या दुकानदाराने तुमचे चित्र पाटीसाठी मागितले आणि कागद पुढे केला, तर तो घरी न्या. आई, वडील किंवा पालक यांना वाचायला द्या. पालक म्हणून सही त्यांनी करायची. चित्राखाली नाव मात्र तुमचे.